तिथी बघा, मग दुर्बीण उचला

वाचकांचे प्रश्न, खाडीकाठची उत्तरं

डिसेंबरच्या अंकात ठाणे खाडीतल्या पाहुण्या पाखरांवर मी पानभर लिहिलं आणि संपादकांकडे पत्रांची थप्पी जमली. सगळ्यांना इथे जागा देणं शक्य नाही, म्हणून सात पत्रं निवडली आहेत. उत्तरं देणारा माणूस कोण, हे आधी सांगितलेलं बरं. मी पक्षिशास्त्रज्ञ नाही. रेल्वेत लोकलचा गार्ड होतो. 1992 साली मानखुर्दहून खाडीपुलावरून गाड्या वाशीला यायला लागल्या, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत ही खाडी मी गाडीच्या शेवटच्या केबिनमधून ओलांडली, दिवसात कधी चार वेळा, कधी सहा वेळा. आता ऐरोलीत राहतो आणि तीच खाडी काठावर बसून बघतो. मला जे ठाऊक आहे ते तिथलं.

प्रश्न : काका, आमचे दोन रविवार फुकट गेले. पहिल्या रविवारी सकाळी दहाला मुलांना घेऊन ऐरोलीच्या खाडीवर गेलो, तर नुसतं पाणीच पाणी. पुढच्या रविवारी त्याच वेळेला सीवूड्सच्या तलावावर गेलो, तर चार बगळे आणि दोन बदकं. मुलं आता यायला तयार नाहीत. फ्लेमिंगो खरंच येतात का? (दोन्ही तारखा सोबत लिहिल्या आहेत.)
— एक वडील, घणसोली

येतात हो! नोव्हेंबरपासून यायला लागतात, पाऊस तोंडावर आला की निघतात, आणि चांगल्या वर्षी त्यांची संख्या लाखाच्या वर जाते. मुलांना सांगा, बाबांची जागा चुकली नव्हती, वेळ चुकली होती.

फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, घड्याळावर चालत नाही. तो पाण्यावर चालतो. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि त्या ओल्या चिखलावर, वीतभर पाण्यात त्याचं ताट वाढलेलं असतं. भरती चढली की ताट उचललं जातं. मग थवेच्या थवे उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ तलावांत जाऊन उभे राहतात. पाणी उतरेपर्यंत तिथेच विसावा. थोडक्यात, भरतीला तलाव आणि ओहोटीला खाडी. तुम्ही भरतीला खाडीवर गेलात आणि ओहोटीला तलावावर.

तारखा कळवल्यात हे फार चांगलं केलंत. मी पंचांग काढून बघितलं. तुमचा पहिला रविवार द्वादशीचा होता, दुसरा चतुर्थीचा. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणजे आठवड्याभरात साडेपाच तासांच्या आसपास. त्यामुळे एका रविवारी सकाळी दहाला जिथे भरती, तिथे पुढच्या रविवारी दहाला ओहोटी. तुम्ही जागांची अदलाबदल केली असती, तर दोन्ही रविवार साधले असते.

मला स्वतःला हे उमगायला दोन वर्षं लागली. सकाळच्या एका ठरावीक गाडीला पुलाखाली काठोकाठ पाणी दिसायचं आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच गाडीला खाली चिखल आणि दूरवर एक गुलाबी पट्टा. मी वहीत वेळा टिपायला लागलो, पण धागा हाती लागेना. बेलापूरच्या फलाटावर दिवाळे गावचे एक म्हातारे कोळी भेटायचे. त्यांना एकदा वही दाखवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "गार्डसाहेब, तिथीची पाऊणपट करा."

तेच गणित तुम्हाला देतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाची तिथी बघा. शुद्ध असो की वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं आणि पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. त्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा. आली ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. हीच वेळ दुपारनंतरच्या भरतीलाही लागू, थोडी पुढे. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हे मुंबईच्या किनाऱ्याचं ढोबळ गणित आहे. आपली खाडी आत लांबवर गेलेली असल्यामुळे पाणी इथे जरा उशिराच पोचतं, म्हणून मी वरून आणखी पाऊण तास घालतो. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, ते जरूर बघा. पण रविवारचा बेत शुक्रवारी रात्री जेवताना ठरतो आणि तेव्हा समोर कॅलेंडरच असतं.

आणखी एक. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, चिखल पार बुडतो आणि तलाव पाखरांनी भरून जातात. सप्तमी-अष्टमीला भांग असतो. तेव्हा पाणी फारसं चढत नाही, उतरतही नाही. अशा दिवशी बरेच पक्षी खाडी सोडतच नाहीत, असा माझा अनुभव आहे. तेव्हा अष्टमीला तलावावर मुलांना नेऊ नका.

तुमच्यासाठी दोन बेत सुचवतो. त्रयोदशीचा एखादा रविवार धरा आणि साडेनऊच्या आत सीवूड्सच्या तलावावर पोचा. साडेदहापर्यंत थवे येत राहतील. डोक्यावरून येतात, मान पुढे ताणलेली, पाय मागे ताणलेले, एखादी छडी उडत यावी तसे. पंखांच्या खालची काळी कड आणि तो लाल रंग मुलांना दुर्बिणीशिवाय दिसेल. दुसरा बेत पौर्णिमा किंवा अमावास्येचा. सकाळी आठला खाडीकाठी बसा आणि बसूनच राहा. सहाच्या सुमाराला ओहोटी संपलेली असते, पाणी चढायला लागतं आणि चढतं पाणी पाखरांना काठाकडे ढकलत आणतं. आठ वाजता जी एक अंधूक गुलाबी रेघ असते, तिच्यात नऊला मान दिसायला लागते, साडेनऊला चोच. आवाजही येतो. हंसांच्या कळपासारखा तो सततचा गुरगुराट पहिल्यांदा ऐकला की विश्वास बसत नाही, इतक्या नाजूक दिसणाऱ्या पाखराचा हा आवाज! मुलांना उठून पळायचं असतं, ठाऊक आहे. सोबत चिवड्याचा डबा ठेवा आणि तासभर कसंही करून काढा.

नावेतून बघायचं असेल तर ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. नाव पाण्याच्या हिशोबाने सुटते, त्यामुळे वेळ रोज बदलते. आधी विचारून, जागा राखूनच निघा. नाव सुटायची वेळ विचारताना भरती किती वाजता आहे हेही विचारा. पाणी अगदी शिगेला असतानाची फेरी मिळत असेल, तर ती सोडून पाणी चढतानाची किंवा उतरतानाची मागा.

प्रश्न : सर, खाडीला इतका वास येतो, पाणी काळं असतं, प्लास्टिक तरंगतं. मग एवढे सुंदर पक्षी इथेच का येतात? माझ्या प्रोजेक्टसाठी हवं आहे.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वाशी

उत्तर चोचीत आहे, तिथूनच सुरुवात कर. मागच्या फेब्रुवारीत तलावाच्या बांधावर मी बसलो होतो आणि एक लहान रोहित चाळीसएक फुटांवर चरत होता. आपल्याकडे दोन जाती येतात. मोठा रोहित माणसाच्या छातीपर्यंत किंवा त्याहूनही उंच, रंगाने फिका, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहित माणसाच्या कमरेएवढा, पण रंगाने गडद, चोच जांभळट काळी. ठाणे खाडीत लहानच जास्त. तर त्याने मान खाली सोडली आणि डोकं उलटं केलं. चोचीचा वरचा भाग खाली, खालचा वर. मग डोकं डावी-उजवीकडे झुलवत तो पाण्याचा नुसता पृष्ठभाग चाटत पुढे निघाला, आपण दुधावरची साय काढतो तसा. दुर्बीण लावली तर चोचीच्या कडांमधून पाण्याचे बारीक ओघळ परत बाहेर पडताना दिसत होते. जीभ आत पंपासारखी सेकंदाला कित्येक वेळा हलते, पाणी आत ओढते, बाहेर ढकलते आणि चोचीच्या आतल्या बारीक दातेरी जाळीत शेवाळ अडकून राहतं. तेच त्याचं अन्न. मोठ्या रोहिताची जाळी जाड असते, तो चिखलातले किडे, अळ्या, बारीक कोळंबीसारखे जीव गाळतो. एकाच पाण्यात दोघांची ताटं वेगळी, म्हणून भांडण नाही. त्यांचा रंगसुद्धा या खाण्यातूनच येतो, गाजराला जो रंग देतात त्याच कुळातली ती द्रव्यं. खाडीत राखाडी-मळकट रोहित दिसले तर ते आजारी नसतात, ती पिल्लं असतात. गुलाबी व्हायला त्यांना तीन-चार वर्षं लागतात.

आता तुझा प्रश्न. ठाणे खाडी उथळ आहे, ओहोटीला मैलोन् मैल चिखल उघडा पडतो आणि दोन्ही काठांना खारफुटी आहे. कच्छच्या रणासारख्या ठिकाणी अंडी घालणाऱ्या या पक्ष्यांना पाऊस सरल्यावर असंच उथळ, खारट, शेवाळाने भरलेलं पाणी लागतं. नव्वदच्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने यायला लागले. शहरांच्या सांडपाण्यातून येणारं नायट्रेट आणि फॉस्फेट शेवाळाला खत पुरवतं, हे त्यामागचं एक कारण असल्याचं अभ्यासक मानतात. म्हणजे घाणीतला एक भाग त्यांच्या पथ्यावर पडला.

पण प्रोजेक्टमध्ये इथेच थांबू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. शेवाळाला जे मानवतं ते माशांना मानवत नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की मासा पहिला जातो. ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातल्या, वाशी गावातल्या, दिवाळ्यातल्या कुठल्याही साठीच्या माणसाला विचार. जिताडा किती मिळायचा, चिंबोऱ्या किती, कालवं कुठे असायची, हे ते बोटांवर मोजून सांगतील आणि आता काय मिळतं तेही सांगतील. त्यांच्या मुलाखती घे. गुलाबी थवा बघून खाडी निरोगी आहे असं कोणी म्हणालं, तर तुझ्या वहीत त्याचं उत्तर असलं पाहिजे.

आकडे लागतील म्हणून देतो. 6 ऑगस्ट 2015 रोजी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या मधला पश्चिमेकडचा पट्टा, क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर, त्यात 896 हेक्टर खारफुटी आणि 794 हेक्टर पाणी. मालवणनंतरचं हे राज्याचं दुसरं सागरी अभयारण्य. 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, त्याचं क्षेत्र 6,521 हेक्टर आहे. नांदूरमधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं ते तिसरं. रामसर हे इराणमधलं गाव, 2 फेब्रुवारी 1971 रोजी तिथे पाणथळ जागांचा करार झाला. म्हणून 2 फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. तुझं प्रोजेक्ट त्याच दिवशी दे.

प्रश्न : आम्ही दर थंडीत सगळं कुटुंब मिळून खाडीवर पांढऱ्या पक्ष्यांना शेव आणि गाठी घालतो. हातातून नेतात, मुलांना फार आनंद होतो. शेजारचे म्हणतात, घालू नका. पाखरांना खायला घालण्यात वाईट काय?
— गृहिणी, कोपरी, ठाणे

ताई, तुमच्या मनात दया आहे आणि मुलांना ती शिकवावी असं तुम्हाला वाटतं, त्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच स्पष्ट सांगतो, घालू नका.

ते पक्षी कुरव. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटसारख्या उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी घरटी करतात आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडत इथे येतात. आत्ता डोकं पांढरं आणि कानामागे एक काळा ठिपका दिसेल. मार्चमध्ये पाहा, तेच डोकं गडद तपकिरी व्हायला लागलेलं असतं, कारण परतीची आणि विणीची वेळ जवळ आलेली असते. तेवढा प्रवास परत करायचा तर अंगात मासे, कोळंबी, किडे यांची ताकद हवी. शेव-गाठीत तेल, मीठ आणि बेसन. पोट भरतं, पोषण होत नाही. आणि सहज मिळतंय म्हटल्यावर पक्षी मासेमारी सोडून माणसांच्या हाताभोवती घिरट्या घालत बसतो. रिकाम्या पिशव्या पाण्यात जातात त्या वेगळ्या. शिवाय जिथे असं खाणं पडतं तिथे कावळे, घारी आणि भटकी कुत्री जमतात आणि शेजारी चिखलात चरणाऱ्या लहान पाखरांचं जिणं अवघड होतं.

माझी नातसुद्धा चार वर्षांची असताना गाठीची पुडी घेऊन निघाली होती. मी तिला पुडी घरी ठेवायला लावली आणि सांगितलं, पाण्यात सूर मारून मासा कोण काढतो ते मोज. खाडीवर तास गेला, तिने अकरा मोजले. अजून सांगते सगळ्यांना. तुमच्या मुलांना हा खेळ देऊन बघा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. गुडघे दुखतात, फार चालवत नाही, नावेत चढता येत नाही. मला खाडी बघायची आहे, पण फ्लेमिंगोंच्या मागे धावणं होणार नाही.
— बेलापूर

बाई, तुम्हाला धावायचं नाहीच. बसून बघणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं, हे मी केबिनमधल्या स्टुलावर बसून शिकलो. सोबत एक घडीची खुर्ची, टोपी, पाणी आणि दुर्बीण घ्या. दुर्बिणीवर 8×42 लिहिलेली बघा. आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच 42 मिलिमीटरची असल्याने उजेड भरपूर येतो. दहापटवाली घेऊ नका, हात थरथरला की चित्रही थरथरतं.

वाशीचं सागर विहार तुम्हाला सोयीचं पडेल, बसायला जागा आहे आणि खाडी समोर आहे. ऐरोलीच्या केंद्राच्या आवारात खारफुटी अगदी हाताशी असते, तिथेही जा. आणि तिथे गेलात की वर बघू नका, खाली बघा. चिखलाकडे.

मी सांगतो तसं करा. एक हातभर चिखलाचा तुकडा डोळ्यांनी निवडा आणि दहा मिनिटं त्याच्यावरून नजर हलवू नका. पहिल्या मिनिटाला काही नसतं. मग एक बीळ उघडतं आणि त्यातून बोटाएवढी निवटी बाहेर येते. मासा आहे, पण पाण्याबाहेर चालतो, पुढच्या दोन परांच्या कुबड्या करून. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे, मधूनच खोबणीत ओढून ओले करून परत वर काढते. ओल्या कातडीतून श्वास घेते, म्हणून मधेमधे चिखलात कूस बदलून लोळते. दुसरी निवटी जवळ आली की पहिली पाठीवरचं पर शिडासारखं ताठ उभं करते. तेवढ्यात शेजारचा एक खेकडा, एकच नांगी मोठी असलेला, ती नांगी वरखाली हलवायला लागतो. मागे तिवराच्या मुळ्या पेन्सिलींसारख्या चिखलातून वर आलेल्या असतात, झाड त्यांतून श्वास घेतं. आणि हे सगळं चालू असताना दोन फुटांवर जो मातकट दगड आहे असं तुम्हाला वाटत होतं, तो हलतो. तो वंचक असतो, बगळ्याच्या जातीचा पक्षी. अर्धा तास तो एका निवटीसाठी तसाच उभा असतो. उडाला की पांढराशुभ्र.

नशीब असेल तर संध्याकाळी खारफुटीच्या कडेला सोनेरी कोल्हाही दिसतो. नवी मुंबईच्या खारफुटीत त्यांची वस्ती आहे. त्याच्याजवळ जायचं नाही, त्याला काही घालायचं नाही, एवढंच.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागे पाणथळ तलाव आहे. पूर्वी फ्लेमिंगो इमारतीच्या खिडकीतून दिसायचे. आता पाणी हिरवं, साचलेलं, पक्षी नाहीत. काय करावं?
— एक रहिवासी, नेरूळ

भाऊ, तुमच्या पत्रासोबतचा फोटो बघून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मी राहतो त्या भागातल्या एका डबक्याचं असंच झालं होतं आणि ते मी वेळेत ओळखलं नाही, ही सल मला आहे.

असे तलाव स्वतःच्या पावसाच्या पाण्यावर जगत नाहीत. रस्त्याखालून, बांधाखालून नळ असतात आणि त्यांतून भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला बाहेर जातं. तो तलावाचा श्वास. नळाच्या तोंडाशी राडारोडा पडला, बांधकाम आलं, गाळ साचला की श्वास कोंडतो. पाणी तसंच राहतं, ऊन खातं, वर हिरवी साय धरते, खालचा प्राणवायू संपतो. रोहिताला वीतभर, हलतं, खारट पाणी हवं. ते नसलं की तो दुसरीकडे जातो, आणि दुसरीकडेही नसलं की त्याला भरतीला टेकायला जागाच उरत नाही. हे तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत, पण अभयारण्यातली पाखरं भरतीचे तास त्यांच्यावरच काढतात. एकाला वाचवून दुसरं सोडून चालणार नाही.

करायचं ते असं. पुढच्या पौर्णिमेला आणि अमावास्येला भरतीच्या वेळी प्रत्येक नळाच्या तोंडाशी जा. पाणी आत शिरतंय का, किती, याचा फोटो आणि वेळ टिपा. सहा तासांनी परत जा, बाहेर पडतंय का बघा. असं दोन महिने करा. चार उधाणांची नोंद हातात असली की तुमच्या तक्रारीला वजन येतं. 'पक्षी दिसत नाहीत' म्हटलं तर ऐकणारा म्हणतो, ते काय, आज आहेत उद्या नाहीत. 'या नळातून चार उधाणांना थेंबभर पाणी आत आलं नाही' म्हटलं की त्याला नळापाशी जावं लागतं. पक्ष्यांची मोजदादही ठेवा. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकता येते. दहा वर्षांनी कोणी म्हणालं की इथे पक्षी कधी नव्हतेच, तर तुमची यादी बोलेल. जखमी किंवा दमून पडलेला पक्षी दिसला तर स्वतः उचलू नका, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि कुत्री जवळ येणार नाहीत एवढी राखण करा.

आणि हे एकट्याने करू नका. खिडकीतून फ्लेमिंगो बघितलेले तुमच्या इमारतीत बरेच जण असतील. त्यांना बोलवा.

प्रश्न : फ्लेमिंगो एका पायावर का झोपतो? पडत नाही का? त्याचा गुडघा उलटा का वाकतो?
— इयत्ता चौथी, कळवा

बाळा, तुझे तिन्ही प्रश्न मला फार आवडले. शेवटचा आधी घेतो. तो गुडघा नाहीच! तो त्याचा घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत लपलेला असतो. म्हणजे आपल्याला जो पाय वाटतो, त्यातला खालचा अर्धा भाग हे त्याचं लांबलचक पाऊल आहे आणि तो कायम चवड्यावर उभा असतो. आता तू चवड्यावर उभा राहून बघ.

एका पायावर उभा राहिला की त्याचे सांधे असे जुळतात की तोल सांभाळायला स्नायूंना फारशी ताकद लावावीच लागत नाही. म्हणून झोपेतही पडत नाही. दुसरा पाय पिसांत घेतला की तो उबदार राहतो. तलावावर गेलास की डावा पाय वर घेतलेले किती आणि उजवा किती, हे मोज आणि मला कळव.

प्रश्न : एकच ओळ. काळे पंख, पांढरं पोट, लाल काड्यांसारखे पाय, सुईसारखी सरळ चोच. कोण?
— दिघा

शेकाट्या. चोच टोकाला वर वळलेली असती तर उचाट्या म्हटलं असतं आणि त्याचे पाय निळसर असते. शेकाट्या आपल्याकडे बारमाही दिसतो, धारण तलावांच्या, म्हणजे पाणी साठवायला केलेल्या तलावांच्या, कडेलाही. त्याच्याच आसपास पाण्यात डोकी खुपसून गोल गोल फिरणारी, फावड्यासारख्या चोचीची बदकं दिसली असतील तर ती थापट्या. लांब टोकदार शेपटीची ती तलवार बदकं. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असेल तर तो वारकरी. पुढच्या पत्रात पाण्याची वेळही लिहा, म्हणजे तेव्हा तिथे आणखी कोण असायला हवं होतं ते सांगतो.